हॉलच्या भिंतीवर बुडालेलं गाव : कामाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

दिवाळी संपली, फराळाचे डबे रिकामे झाले आणि डायनिंग टेबलाच्या बाजूची भिंत परत डोळ्यात खुपायला लागली. ११ फूट रुंद, साडेआठ फूट उंच, फ्लॅटचा ताबा घेतला तेव्हाचा फिकट पिवळा रंग अजून तसाच, त्यावर छोटीच्या तेलकट हातांचे ठसे आणि खाली डाव्या कोपऱ्यात ओलीचा नकाशा. नवरा म्हणतोय वॉलपेपर लावू. मी म्हणलं मी रंगवते. तो हसला नाही पण गप्प बसला, ते जास्त लागलं. माझी पात्रता एवढीच की शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिल्या होत्या, इंटरमिजिएटला बी ग्रेड.

काय काढायचं यावर दोन तास गेले. छोटीला वारली पाहिजे, शाळेत शिकवलीय. मी म्हणलं तो चौक जिथे लग्न आहे त्या घरात सुवासिनी काढतात, आत पालघट देवी असते, आपल्या टेबलाशेजारी ती काय पोह्यांचा वास घेत बसणार का. बुद्ध नको, प्रत्येक सलूनमध्ये आहे. मग रात्री झोपताना सुचलं आणि आता दुसरं काही सुचतच नाहीये. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, गाव काढायचं.

अण्णांचं गाव आता नाहीये. म्हणजे आहे, पण उजनी धरणाच्या पाण्याखाली आहे. पळसदेवच्या अंगाचं, भीमेच्या काठचं. धरण १९८० ला पुरं झालं पण माणसं त्याच्या आधीच उठवली होती, अण्णा तेव्हा सातवीत. आमच्या घरात त्या गावाचा एकही फोटो नाही, कॅमेरा होता कुणाकडे. जे आहे ते अण्णांच्या डोक्यात आणि अण्णा महिन्याअखेर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे येतायत, दीड-दोन महिने राहणार. टेबलाशी बसले की समोर हीच भिंत.

११ नोव्हेंबर

सोसायटीत रंगकाम करणारे एक काका आहेत, त्यांना लिफ्टमध्ये गाठलं. म्हणाले ताई आधी ओल बघा, ओलीवर रंग मारला की पहिल्या पावसात पोपडे, मग मला बोलवाल. चाचणी सोपी सांगितली, प्लास्टिकचा एक फूटभर तुकडा चारी बाजूंनी टेप मारून रात्रभर भिंतीवर चिकटवायचा. काल झोपताना चिकटवला, सकाळी प्लास्टिकच्या आत दव पडल्यासारखे थेंब. म्हणजे पाणी भिंतीतूनच येतंय. पलीकडे आमचंच बाथरूम, वरच्या मजल्यावर भांडायला जायची तयारी केलेली ती वाया गेली.

१६ नोव्हेंबर, शनिवार

बाथरूमच्या टाइल्सचे सांधे उकरले. जुनं ग्राऊट बोटाने निघत होतं, दह्यासारखं. मिस्त्री बोलवून खालच्या चार ओळींना इपॉक्सी ग्राऊट भरून घेतलं, एक दिवस अंघोळ मावशींकडे. हॉलच्या बाजूने मी पत्र्याने खरवडायला सुरुवात केली आणि खरवडतच राहिले कारण कोपऱ्यातला दीड फूट भाग नुसता लोणा धरलेला, पांढरी बुरशी वाटते पण ते मीठ असतं, भिंतीतलं पाणी बाहेर येताना ते घेऊन येतं आणि पृष्ठभागावर सोडून जातं. सुक्या ब्रशने झाडायचं, पाण्याने धुवायचं नाही, धुतलं की परत आत मुरतं. हे मला धुतल्यावर कळलं.

आता पंधरा दिवस काही नाही. फॅन लावून ठेवायचा आणि वाट बघायची.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळी आठलाच बोटाला शाई लावून आलो आणि मग दिवसभर स्केच. कागदावर एक इंचाला एक फूट धरून. खूप छान झालं म्हणजे मला तरी वाटलं. मागे डोंगर, डोंगरांच्या मधून सूर्य, नदी, काठाला कौलारू घरं, देऊळ, दोन-तीन झाडं.

देवळासाठी माझ्याकडे खरे फोटो आहेत. या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली होती, म्हणजे वापरायचं पाणी संपून तळाचा मृतसाठाही उतरला होता, तेव्हा आम्ही पळसदेवला गेलो होतो, पळसनाथाचं जुनं देऊळ आख्खं उघडं पडलेलं. एरवी पाणी बेताचं असलं तर शिखराचं टोक दिसतं नाहीतर काहीच नाही. खाली काळा दगड, वर विटांचं शिखर, दगडांना शिंपले चिकटलेले. चिखलाला भेगा पडलेल्या आणि त्यात घरांची जोती ओळीने दिसत होती. अण्णा तेव्हा गाडीतून उतरलेच नाहीत. ऊन आहे म्हणाले.

२४ नोव्हेंबर, रविवार

अण्णा काल एसटीने आले, तिकडचं मतदान उरकून. आई नाही आली, वहिनीचे दिवस भरत आलेत. सकाळी चहा झाल्यावर स्केच पुढ्यात ठेवलं. कागद नाकाजवळ नेला, लांब धरला, परत जवळ.

"हे कुठलं गाव म्हणं?"

मी म्हणलं आपलं.

"आपल्याला डोंगार कुठला?"

खरंच की. तिकडे सगळा सपाट माळ. मी शाळेत काढायचे तो डोंगर काढला होता, दोन त्रिकोण आणि मध्ये सूर्य, हात आपोआप जातो. मग एकेक सुरू झालं. कौलं नव्हती, कौलं तिकडं कोकणात, आमच्याकडं माळवदं. म्हणजे सपाट छत, लाकडी सऱ्यांवर फळ्या नाहीतर काड्या आणि वर पांढऱ्या मातीचा थर, पावसाळ्याच्या आधी नवी माती चढवून चोपायची, कडेला पाणी काढायला पन्हळ. मध्ये सवणं, चुलीचा धूर जायला आणि उजेड यायला. झाडं कसली हे विचारलं तर लिंब आणि बाभळी म्हणाले, मी काढलेलं झाड बघून म्हणाले हा नारळ कुणी लावला. तो नारळ नव्हता, ती बाभूळच होती, पण असो.

नदीबद्दल सगळ्यात जास्त बोलले. आपण इंदापूरच्या अंगाला उभे, समोर करमाळ्याची बाजू, सूर्य पाण्याच्या पल्याडनं वर यायचा. पाणी डावीकडून उजवीकडे. मी खडकामागे पाण्याची शेपूट काढली होती ती उजवीकडून डावीकडे गेलेली. "नदी माघारी पंढरपुराहनं पुण्याला निघालीय व्हय गं," म्हणाले आणि स्वतःच खूप हसले.

कागद फाडला नाही, मागच्या बाजूला नवीन काढायला घेतलं. वेस, वेशीतला लिंब, चावडी, पार, घाटाच्या पायऱ्या, उन्हाळ्यात नदीकाठच्या मळईत लावलेली कलिंगडं. सतरा घरं नावानिशी सांगितली.

१ डिसेंबर, रविवार

काल प्लास्टिक लावलेलं, आज आत एकही थेंब नाही. नाचले.

खरवडलेल्या भागाला वॉटरप्रूफ कोट, तो वाळल्यावर पुट्टी. पुट्टीचं पीठ पाण्यात टाकायचं, पाणी पिठात नाही, नाहीतर गुठळ्या होतात आणि त्या गुठळ्या पट्टीखाली येऊन भिंतभर ओरखडे काढतात. दोन हात दिले, पहिला उभा दुसरा आडवा. खालचा अर्धा भाग बरा झालाय, वरचा अर्धा शिडीवर उभं राहून केल्यामुळे लाटा आल्यात. संध्याकाळी बल्ब भिंतीला चिकटवून तिरका धरला तेव्हा कळलं किती लाटा.

मध्येच आठवलं, वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात भिंतीवरची चित्रं बघितली होती, दोनशे वर्षांच्या वरची. तिथल्या भिंती चुन्याच्या, पाणी आत येतं आणि हळूहळू बाहेर पडतं. आपल्या सिमेंटवर पुट्टी, पुट्टीवर प्लास्टिकसारखा इमल्शन, ओलीला बाहेर पडायला जागाच नाही म्हणून ती रंगालाच ढकलून देते. माझं चित्र दोनशे वर्षं नको, दहा टिकलं तरी बास.

उद्या घासायचंय, १८० नंबरचा पॉलिश पेपर. अण्णांना दिवसभर खाली बागेत पाठवते, ऑपरेशनच्या आधी डोळ्यात धूळ नको.

७ डिसेंबर, शनिवार

घासणं, प्राइमर सगळं आठवड्यात ऑफिसवरून आल्यावर केलं. घासण्याबद्दल एवढंच लिहिते की पुट्टीची धूळ फ्रीजच्या आतसुद्धा होती.

आज ग्रिड. एक-एक फुटाचे चौकोन. मोठ्या रेषा मारायला गवंडी करतात तसं सुतळीला नीळ लावून दोन टोकांना ताणून धरली आणि मधे ओढून सोडली, फट्, सरळ रेष. छोटीला इतकं आवडलं की लागतील त्यापेक्षा चार रेषा जास्त मारल्या. त्या पुसायला ओलं फडकं घेतलं आणि आभाळाच्या जागी दोन हात लांब निळा ढग तयार झाला. जितकं पुसावं तितकं पसरतंय. वरून रंग मारून बघितला तर निळं खालून परत वर. शेवटी तेवढ्या भागाला परत प्राइमर. काकांना फोन केला तर म्हणाले नीळ कशाला, आधी सगळ्या भिंतीला मातकट असा एक हात मारा आणि त्याच्यावर साध्या पांढऱ्या खडूने आखा, सुक्या फडक्याने निघतो. पेन्सिल पण नको म्हणाले, फिक्या रंगाखालून काळी दिसत राहते.

मातकट हात मारलाय. भिंत आत्ताच गावाकडच्या घरासारखी दिसतेय, इथेच थांबलं तरी चालेल असं नवरा म्हणाला.

८ डिसेंबर, रविवार

रंग. दुकानात मशीनवर शेड बनवून घ्यायला गेले तर प्रत्येक शेडचा किमान एक लिटर, मला पंधरा शेड लागणार आणि त्यातल्या दहा वाटीभर. म्हणून पांढरा इमल्शन ४ लिटर आणि त्यात मिसळायच्या घट्ट रंगाच्या, म्हणजे स्टेनरच्या, बाटल्या घेतल्या, यलो ऑक्साइड, बर्न्ट सिएना, काळा, फास्ट ब्लू, फास्ट ग्रीन, लाल. स्टेनर थेंबाथेंबाने टाकायचा. जास्त झाला की रंग नीट वाळतच नाही, हात फिरवला तर बोटाला येतो, म्हणजे गडद रंग पांढऱ्यात स्टेनर ओतून मिळत नाही, काळ्या मातीसाठी गडद बेसचा छोटा डबा वेगळा आणावा लागला.

दोन गोष्टी शिकले. इमल्शन ओला असताना फिका दिसतो आणि वाळला की गडद होतो, म्हणून कार्डावर पट्टा मारून हेअर ड्रायरने वाळवून मगच ठरवायचं. आणि एकदा बनवलेला रंग परत तसाच बनत नाही, त्यामुळे लागेल त्याच्या दीडपट बनवून जॅमच्या बाटलीत, वर नाव लिहून. "आभाळ खालचं", "आभाळ वरचं", "पांढरी माती", "काळं रान", "नदी".

नदीवर तीन तास गेले. मी केलेला पहिला नमुना करडा-हिरवट होता. अण्णांनी कार्ड हातात घेतलं, खिडकीशी नेलं, म्हणाले हे डबक्याचं पाणी झालं, आमची नदी अशी मळकी नव्हती. थोडा निळा वाढवला. "अजून." परत वाढवला. "आता जरा बरं, पण अजून मळकट हाय." असं करत करत सातव्या कार्डाला "हां. हे." म्हणाले आणि ते कार्ड बराच वेळ हातातच धरून बसले. मला जरा भडक वाटतंय. पण नदी त्यांची.

१५ डिसेंबर, रविवार

काल आणि आज मिळून आभाळ, पलीकडचा काठ आणि नदी. आभाळासाठी दोन रंग ओले असतानाच कोरड्या रुंद ब्रशने एकमेकांत ओढायचे, पाच मिनिटांत करायला लागतं, फॅन बंद. फॅन चालू राहिला म्हणून उजवीकडे पट्टा दिसतोय, तिथे लिंबाची फांदी आणणार. नदीला रोलरने दोन हात. लांबून बघितलं की स्विमिंग पूल. बोलले नाही.

छोटीला नदीत फ्लेमिंगो पाहिजेत. भिगवणला आम्ही दरवर्षी बघायला जातो ना, तिच्यासाठी उजनी म्हणजे फ्लेमिंगो. अण्णा म्हणाले आमच्या नदीत हे लाल पायाचं पाखरू कधी नव्हतं, धरणाचं उथळ पाणी पसरलं तवा ते आलं. मग दोघांचं बराच वेळ चाललं. ती म्हणते आता तर आहेत, ते म्हणतात आता गाव न्हाय. तह असा झाला की फ्लेमिंगो एकच, भिंतीच्या शेवटी स्विचबोर्डाजवळ, गावाच्या बाहेर.

१७ डिसेंबर, मंगळवार

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. वीस मिनिटांत बाहेर, चहा मागितला. काळा गॉगल, दिवसातून सहा वेळा ड्रॉप्स, वाकायचं नाही, डोक्यावरून अंघोळ नाही, धूळ आणि वास नको. भिंतीवर जुनी चादर बांधून ठेवलीय. डावा डोळा फेब्रुवारीत.

२२ डिसेंबर, रविवार

हे नीट लिहून ठेवते.

सकाळी नऊ-साडेनऊला, ऊन आत आलेलं, मी चादर काढली, अण्णांनी गॉगल काढला. भिंतीकडे बघितलं आणि बघतच राहिले. मला वाटलं गहिवरले. मग म्हणाले, "हे काय केलंस?"

मी म्हणलं काय.

"पाण्यात नीळ कालवलीस का? बादलीत धोतार बुडवायला करत्यात तशी?"

मी म्हणलं अण्णा, हा तुम्हीच पास केलेला रंग आहे, हे बघा कार्ड. कार्ड घेतलं. भिंतीशी धरलं. तोच रंग. मग उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि डाव्याने बघितलं. मग डावा झाकला. परत उजवा. असं आठ-दहा वेळा. "ह्या डोळ्यानं बराबर हाय," म्हणाले, "आन् ह्या डोळ्यानं न्हाय."

दुपारी तपासणीला डॉक्टरांना विचारलं. त्यांना काही नवल वाटलं नाही, रोजचंच असणार. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळं-तपकिरी पडत जातं, निळा उजेड आत कमी पोचतो, सगळं जुन्या काचेतून बघितल्यासारखं. वर्षावर्षाने होतं म्हणून माणसाला कळत नाही. म्हणजे अण्णांना माझा करडा-हिरवा मळकट दिसत होता कारण मळ भिंगात होता, आणि मी तो मळ कापायला निळा ओतत बसले.

घरी आल्यावर अण्णा एक डोळा झाकून घरभर फिरले. फ्रीज बघितला, पडदे बघितले, छोटीचं दप्तर बघितलं. स्वतःचा शर्ट बघून म्हणाले, "हा पांढरा हाय व्हय? मी क्रीम म्हणून घेतला व्हता."

मी विचारलं मग आता नदी कुठल्या डोळ्याने रंगवू. विचार करून म्हणाले, "सातवीत दोन्ही डोळे चांगलं व्हतं की."

२५ डिसेंबर, बुधवार

नदी परत. सुट्टी असल्याने दिवसभर. अण्णा बेडरूममध्ये, दार बंद, खिडकी उघडी.

"नदी"ची बाटली फेकली नाही, त्यातलाच रंग मोडला. निळ्याला मारायला बर्न्ट सिएना, चार-चार थेंब, आधी करडा झाला, मग यलो ऑक्साइडने जरा हिरव्याकडे वळला. पाण्याला स्वतःचा रंग थोडाच असतो, वरून आभाळ आणि खालून माती, काठाजवळ मातीचा जास्त आणि मध्यावर आभाळाचा जास्त. म्हणून एकच रंग रोलरने न मारता तीन केले आणि रंगात पाणी घालून पातळ आडवे हात, एक वाळला की दुसरा. पातळ हाताची गंमत अशी की खालचा निळा जरासा दिसत राहतो. सगळा झाकावा म्हणून सुरू केलं होतं, पण चौथ्या हाताला थांबले. सकाळच्या उजेडात बघितलं आणि रात्री बल्ब लावून, पिवळ्या बल्बखाली परत हिरवट वाटतं. टेबलावरचा बल्ब बदलून पांढरा लावला.

अण्णांनी उजव्या डोळ्याने बघितलं. "उन्हाळ्यातली न्हाय, पावसाळ्यातली न्हाय. ही संक्रांतीची."

हिवाळ्यात आली हेच खूप.

२९ डिसेंबर, रविवार

माळवदं. सोपी वाटली होती, चौकोनच तर आहेत. पण सपाट छप्पर थोडं वरून दिसायला पाहिजे तरच सवणं दिसणार आणि वरून बघायचं तर सगळ्या घरांच्या कडा एकाच हिशोबाने तिरक्या जायला पाहिजेत. माझी पहिली तीन घरं तीन वेगवेगळ्या लोकांनी बघितल्यासारखी झाली. पुसली. भिंतीवर एक खिळा मारून त्याला दोरा बांधला आणि प्रत्येक कड त्या दोऱ्यावर आखली, मग बसलं. खिळ्याचं भोक आता चावडीचं दार आहे.

काळं रान भांडी घासायच्या स्पंजने थापलं, ब्रशपेक्षा भारी, ढेकळं दिसतात. बाभळीपण स्पंजनेच, नुसत्या टोकाने, आणि खाली सावली न देता, बाभळीला कुठली आलीय सावली.

५ जानेवारी २०२५, रविवार

काहील. ही अण्णांची मुख्य मागणी. गूळ करायची ती मोठी पसरट कढई, गुऱ्हाळ नसलं की नदी ओलांडायला वापरायचे, चार माणसं उकिडवी बसायची आणि दोघं पोहत ढकलायचे. आजी पलीकडच्या बाजाराला अशी जायची म्हणे, मांडीवर कोंबड्या.

गोल भांडं पाण्यावर काढणं म्हणजे चपटा अंडाकार, तो हाताने येईना. दोन खडूचे ठिपके, त्यांच्याभोवती दोऱ्याची सैल माळ, दोरा ताणून खडू फिरवला की अंडाकार मिळतो, हे इंटरमिजिएटच्या भूमितीतलं इतक्या वर्षांनी कामाला आलं. आत चार ठिपके माणसांचे. आजीचा ठिपका हिरवा, लुगडं हिरवं असायचं म्हणून.

अण्णांनी बोटाने दाखवलं, आपलं घर वेशीपासून चौथं. त्या माळवदावर सवणं जरा मोठं केलं.

१२ जानेवारी, रविवार

देऊळ लांब उजवीकडे, बोटभर. फोटोवरून. शिंपले काढायचे नव्हते, चुकून दगडावर पांढरे ठिपके मारले आणि लक्षात आलं की ते बुडाल्यानंतरचे आहेत. पुसले.

छोटीचा फ्लेमिंगो झाला. एका पायावर, स्विचबोर्डाकडे तोंड करून. गीझरचं बटण त्याच्या चोचीत.

२६ जानेवारी, रविवार

झालं असं म्हणायला हरकत नाही. खर्च मोजला, ग्राऊटचं काम सोडून रंग, पुट्टी, प्राइमर, ब्रश, टेप मिळून साधारण साडेचार हजार, त्यातले पाचशे त्या निळ्याच्या भानगडीचे. कोपऱ्यात हात लावून बघते रोज, कोरडा आहे. खरी परीक्षा पावसाळ्यात. काकांनी येऊन बघितलं, चित्राबद्दल काही बोलले नाहीत, कोपऱ्यावर बोटाने टकटक केलं आणि मान हलवली. वर मॅट वार्निशचे दोन हात द्या म्हणाले, ग्लॉसी नको, लाइट चमकतो, आणि हे टेबलाजवळ आहे तर आमटीचे डाग पुसता यायला पाहिजेत. वार्निश आणून ठेवलं.

संध्याकाळी अण्णांनी आत्याला व्हिडिओ कॉल लावला. आत्या त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, गाव उठायच्या आधीच लग्न होऊन करमाळ्याकडे गेलेली. फोन भिंतीसमोरून इकडून तिकडे सावकाश फिरवला. आत्या गप्प. घाट आला, काहील आली, वेस आली.

"थांब, माघारी घे. लिंब कुठं काढलाय?"

"वेशीच्या आत, आक्का."

"आत कुठला रं? भाईर व्हता. नदीच्या अंगाला. मी रोज कळशी टेकवायची तिथं."

अण्णा म्हणाले आत होता, मी त्याच्यावर चढायचो. आत्या म्हणाली तू चढायचास ती चिंच. चिंच कुठली, चिंच तर चावडीमागं. मग आवाज इतके वाढले की नवरा किचनमधून बाहेर आला. लिंब तिथून हलवला तर आभाळातला फॅनचा पट्टा उघडा पडतो, पण ते मी कुणाला सांगणार.

शेवटी आत्या मला म्हणाली, "पोरी, मी शिवरात्रीला येते. तवर त्याच्यावर ते वारनिस का काय ते फासू नगंस."

वार्निशचा डबा सिंकखाली ठेवलाय. खडू बाहेरच आहे.